सोयऱ्यांच्या ग्लासातला बर्फ

आमच्या घरात बीएस्सी झालेली मी एकटीच. नवरा बीकॉम, नणंद मोना एमए, सासूबाई मॅट्रिक. त्यामुळे विज्ञानाचा प्रश्न निघाला की सगळं घर माझ्याकडे बघतं. आणि मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू!

तर आमची पाच वर्षांची सुखदा लिंबूपाण्याच्या ग्लासात बोट घालून म्हणाली, "मम्मी, बर्फ डूबत काहून नाही?" मी लगेच गॅस बंद केला, ओढणी खोचली.

"शाळेत प्रार्थनेला तुम्ही कसे उभे राहता?"

"चिपकून."

"आणि हात ताणून फेर धरला की?"

"मैदानच पुरत नाही."

"बस. पाणी म्हणजे चिपकून उभी असलेली पोरं. बर्फ झाला की तीच पोरं हात लांब करून एकमेकांना धरतात. पोरं तेवढीच, जागा जास्त. म्हणून बर्फ पाण्यापेक्षा हलका. हलकं ते तरंगतं."

सुखदानं विचार केला. "तू पण रात्री हात पसरून झोपते. पप्पा म्हणतात, जागाच उरत नाही. मग तू पण हलकी होते?"

बाजूच्या खोलीत अश्वजीत, म्हणजे तिचे पप्पा, जोरात खोकले. तो खोकलाच होता, असं ते अजून म्हणतात.

"मग बुडव न त्याला," सुखदा म्हणाली.

"आत काही जड ठेवून गोठवला तर बुडेल."

"किती जड?"

इथं गप्प बसायला हवं होतं. पण बीएस्सी गप्प बसत नाही. "आपल्या घरात सोन्याइतकं जड काहीच नाही," मी ठोकून दिलं. "एवढंसं सोनंही बर्फाला तळाशी नेईल. उद्या पाहुणे गेले की आपण नाणं टाकून बघू, हं?"

उद्या म्हणजे मोनाचं साक्षगंध. मुलगा सुगत, नागपूरचा. त्याच्या बोटात घालायची अंगठी सासूबाईंनी लाल डबीत घालून कपाटात ठेवली होती. कपाटाला कुलूप नव्हतं आणि सुखदाला धीर नव्हता, ही दोन्ही कारणं मला नंतर कळली.

सोयरे आले ते तापूनच. नागपूरहून जबलपुरात शिरताना तिलवाऱ्याच्या पुलाअलीकडे ट्रक आडवा झालेला, गाडीचा एसी बंद. मुलाचे वडील रत्नाकरजी तर भट्टीतून काढल्यासारखे लाल. मी पटापट स्टीलच्या ग्लासांत कैरीचं पन्हं ओतलं, प्रत्येकात एकेक बर्फाचा तुकडा टाकला आणि ट्रे फिरवला.

रत्नाकरजींनी स्वतःच्या ग्लासात पाहिलं. मग बायकोच्या, मग सुगतच्या.

"सगळ्यांच्या ग्लासात बर्फ तरंगून राहिला," ते म्हणाले. "पोराच्या बापालेच नाही?"

"टाकला होता काकाजी."

"म्हणजे मी खोटं बोलून राहिलो?"

मोना मान खाली घालून बांगड्या फिरवायला लागली. तेवढ्यात सासूबाईंनी पडद्याआडून मला खुणावलं. हातात लाल डबी, उघडी.

"श्रद्धा, अंगठी नाही यात," त्या पुटपुटल्या. "आता त्रिशरण झालं की अंगठीच लागन. काय सांगू यायले? घर बुडालं माझं."

घाम पुसत मी बैठकीत वळले. सुखदा एकेका पाहुण्याच्या गुडघ्याशी उभी राहून टाचा उंच करून ग्लासात डोकावत होती.

"काय करते तू?"

"मम्मी," ती माझ्या कानाशी म्हणाली, "कोणाचा डूबला?"

माझं बीएस्सी तिथं सार्थकी लागलं. रत्नाकरजींनी मात्र तोवर, बर्फ नाही तर नाही म्हणून, ग्लास एका दमात रिकामा करायला तोंडाशी उचलला होता.

"काकाजी, पिऊ नका!"

मी ग्लास ओढला. निम्मं पन्हं त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर.

"काय टाकलं यात?" ते उभेच राहिले. सुगतच्या आईनं आपलं पन्हं घाईनं खाली ठेवलं. अश्वजीत मधे येऊन म्हणाले, "अंकलजी, बैठिए, बैठिए," आणि स्वतःच खाली बसले.

उरलेलं पन्हं मी ताटात ओतलं. शेवटी टण्ण वाजलं. बर्फाच्या कपचीत अडकलेली अंगठी ताटात फिरली आणि थांबली.

रत्नाकरजींनी ती दोन बोटांत उचलून पाहिली. मग सासूबाईंकडे वळले.

"कुसुमबाई, आमच्या नागपुरात अंगठी बोटात घालतात. तुमच्या जबलपुरात घशात घालतात का?"

पहिला हसला सुगत. मग मोना, आणि मग सदरा झटकत खुद्द रत्नाकरजी. दहा मिनिटांनी बुद्धमूर्तीसमोर साक्षगंध झालं. अंगठी गार आणि चिकट होती, त्यामुळे सुगतच्या बोटात जरा जास्तच घट्ट बसली.

"बुडता बुडता राहिलं व माय," पाहुणे गेल्यावर सासूबाई सोफ्यावर टेकल्या.

"बुडलं होतं आजी," सुखदा रडवेली झाली. "फक्त मलाच दिसलं नाही."

मला तिची इतकी दया आली की मी रुपयाचं नाणं घालून बर्फ लावला आणि काचेच्या ग्लासात सोडला. तो सरळ तळाशी गेला. सुखदानं टाळ्या वाजवल्या, माझ्या गळ्यात पडली, आणि गॅसकडे बघून म्हणाली, "मम्मी, आग वरच काहून जाते?"

मी उठले, लायटर आणि काडेपेटी सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली, आणि म्हटलं, "पप्पांना विचार."