हवेशीर पोकळी

माझी भाची अवकाशयानाचे भाग तपासणाऱ्या संस्थेत इंटर्न म्हणून रुजू झाली. तिथलं प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय पदवी हातात पडणार नव्हती. काम सरळ होतं. यानाची उष्णता बाहेर टाकणारी एक धातूची पाटी मोठ्या टाकीत ठेवायची, टाकीतली हवा पंपाने ओढून घ्यायची, पाटीला विजेने यानाइतकी उष्णता द्यायची आणि ती किती तापते ते बघायचं. अवकाशात हवा नसते, म्हणून टाकीतही नको. इतकं मलासुद्धा कळलं.

त्याच आठवड्यात इमारत विभागाची पाहणी आली. ज्याला दार आहे आणि ज्यात माणूस ताठ उभा राहू शकतो ती खोली, असा त्यांचा नियम. पाहणी अधिकारी टाकीत शिरून ताठ उभे राहिले. झाली खोली. खोलीला वायुवीजन सक्तीचं, म्हणून तिला गजांची खिडकी बसवली. शिवाय खोली रिकामी ठेवणं गैर, म्हणून ती उपप्रमुखांना दिली. बिचारे कित्येक वर्षं जिन्याखाली बसत होते. त्यांनी टेबल आत आणलं आणि रुमाल पाटीवर वाळत घातला.

आता चाचणी कशी करायची, असं भाचीने विचारलं.

"तू चालू कर गं पोरी, माझी काही अडचण नाही," उपप्रमुख म्हणाले.

पंप सुरू होताच खिडकीतून छान झुळूक यायला लागली. पाटी गारच राहिली. संस्थेत इतका चांगला निकाल आजवर आला नव्हता. मुख्य अभियंत्यांनी भाचीला शाबासकी दिली आणि 'निर्वातात चाचणी यशस्वी' या ओळीखाली सही मागितली.

"पण सर, वर हवा नसते."

"वर काय असतं ते आपल्या अखत्यारीत येत नाही."

घरी सगळ्यांनी तिला समजावलं. ताई रडकुंडीला आली, भावजींनी बोलणं टाकलं. एका सहीने तुझं काय झिजतंय, असं आजोबांनीही विचारलं. मी नुसता तिच्या पाठीवरून हात फिरवला, तर पोरीचे खांदे दगडासारखे झालेले.

दुसऱ्या दिवशी उपप्रमुख जेवायला गेल्यावर तिने खिडकीवर जाड पत्रा आवळला, दार लावलं आणि पंप चालू केला. हवा जात गेली तशी पाटी तापली, वाकली, तिच्या रंगाच्या खपल्या निघाल्या.

तातडीने चौकशी बसली. अधिकाऱ्याच्या खोलीतली हवा परवानगीशिवाय काढून घेतल्याचा ठपका भाचीवर आला आणि प्रमाणपत्र नाकारलं गेलं. पाटी ठोकून सरळ केली, नव्याने रंगवली आणि यानाला लावली.

राहता राहिली सही. तिच्यासाठी दुसरा विद्यार्थी लगेच मिळाला. गुणी मुलगा. काही विचारलं नाही, पेनसुद्धा स्वतःचं आणलं होतं. तुमचाच ना तो? परवा तुम्ही माझ्या भाचीला त्याच्याकडून काहीतरी शिकायला सांगत होतात.