तीन 'नको'ची रीत

विनय या शब्दावर अख्ख्या वर्धा जिल्ह्यात आपल्याइतका अधिकार दुसऱ्या कोणाचा नाही, असं देवळीचे बापूराव थूल सर स्वतःच सांगत. आणि ते खोटंही नव्हतं! बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, ते सोडा; पण तालुक्यात कोणाचाही सत्कार असो, मानपत्र लिहायचं ते बापूरावांनीच. अशी एकशे अठरा मानपत्रं त्यांच्या हातून गेली होती आणि प्रत्येकात सत्कारमूर्तीच्या विनयाबद्दल निदान एक ओळ होतीच. मग माणूस कसाही असो!

त्यासाठी त्यांनी एक वही ठेवली होती. 'विनय' या पानावर अकरा समानार्थी शब्द. वर्गात ते टेबल बडवून सांगत, "पोट्टेहो, समानार्थी म्हणजे एकसारखे नाई! संकोच म्हणजे मनात हाये, पण तोंडातून निघत नाई. नम्रता म्हणजे निघते, पण हळू निघते. अन् निगर्वी कोण? ज्याच्यापाशी गर्व कराले काही हाये, तो. ज्याच्यापाशी काहीच नाई, तो काहाचा निगर्वी? तो रिकामा!"

आता खरं सांगायचं तर बापूरावांच्या मनात एक सल होता. एकशे अठरा मानपत्रांत त्यांचं नाव फक्त तळाशी, बारीक अक्षरात यायचं: शब्दांकन. एकदा तरी ते वर, जाड अक्षरात यावं, खांद्यावर शाल पडावी, असं त्यांना फार वाटायचं. बोलत मात्र नसत.

म्हणून गावच्या वाचनालयाला पन्नास वर्षं झाली आणि सत्कारासाठी आपलं नाव निघालंय अशी बातमी लागली, तेव्हा त्यांनी बायकोला, म्हणजे सुलोचनाबाईंना, सगळा बेत समजावून सांगितला.

"वाचनालयातून रोशन येईन. पह्यल्यांदा म्हणाचं, नको. हा झाला संकोच. दुसऱ्यांदा म्हणाचं, माह्यापेक्षा लायक माणसं हायेत. हा विनय. तिसऱ्यांदा मान खाली घालाची अन् म्हणाचं, तुमची इच्छाच हाये तं मोडवत नाई. ही नम्रता! मंग शाल."

"अन् पह्यल्याच 'नको'ले तो उठून गेला तं?"

"जाईन कसा? तीनदा इचाराचीच रीत हाये! एकशे अठरा सत्कार पाह्यले मी!"

सुलोचनाबाईंनी नवऱ्याचा पांढरा सदरा इस्त्रीला टाकला.

संध्याकाळी रोशन आला. हा बापूरावांचाच जुना विद्यार्थी, चौकात त्याचं झेरॉक्सचं दुकान, आणि आता वाचनालयाचा सचिव.

"जयभीम सर! समितीनं ठरवलं, यंदा तुमचा सत्कार कराचा."

बापूरावांनी छातीवर हात ठेवला. आवाज जरा ओलसर केला. "नको रे बाबा, नको. मी कुठचा एवढा मोठा!"

"ठीक हाये सर," म्हणून रोशन उठला.

तो खुर्ची जवळ ओढायला उठला असेल, असं बापूरावांना वाटलं. पण त्यानं तर चपला घातल्या!

"तुमी नाई म्हणान, हे मले ठाऊकच होतं. दुसऱ्याच्या शब्दाचा मान ठेवाले तुमीच तं शिकवलं आमाले. आग्रह करून तुमाले लाजवनार नाई मी, सर!"

स्कूटर सुरू झाली, गेलीसुद्धा! दुसरा 'नको' बापूरावांच्या तोंडातच राहिला.

"झाला का सत्कार?" सुलोचनाबाईंनी आतून विचारलं.

दुसऱ्या दिवशी बापूराव आधार कार्डाची झेरॉक्स काढायच्या निमित्ताने दुकानात गेले. घरी तिच्या नऊ प्रती होत्या.

"रोशन, काल मी जरा घाईनंच बोललो. लोकायचं मन दुखवलं की काय..."

"कोणाचंच नाई दुखलं! हे पाहा, ग्रुपवर टाकलं म्या." रोशनने मोबाइल पुढे धरला. 'थूल सरांनी सत्कार नाकारला. याला म्हणतात विनय!' खाली जोडलेल्या हातांची रांगच रांग. समुद्रपूरच्या एका जुन्या विद्यार्थिनीने लिहिलं होतं, 'सरांनी शिकवलं, तेच करून दाखवलं.'

बापूरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. सर भारावले, असं रोशनला वाटलं.

"मंग आता सत्कार कोणाचा?"

"डोमाजी सरायचा. फोन केला तं म्हणाले, हो, शाल कोणत्या रंगाची हाये?" रोशन हसला. "मानपत्र तुमीच लिहा सर. विनयाचं थोडं टाकजा त्यात."

डोमाजी म्हणजे त्याच शाळेतले कवायतीचे मास्तर. वाचनालयाला त्यांनी दोन पंखे दिले होते आणि दोन्हींच्या पात्यांवर स्वतःचं नाव रंगवून घेतलं होतं. पंखा बंद असला की डोमाजी वाचता यायचे! बापूराव तीन दिवस वही उघडून बसले. अकरापैकी एकही शब्द या माणसाला चिकटेना. शालीनता लिहावी, तर यांनी पुतण्याच्या लग्नात पाहुण्यांना शिट्टी वाजवून पंगतीला बसवलेलं. शेवटी बापूरावांनी लिहिलं, 'निःसंकोच व्यक्तिमत्त्व'. एकशे एकोणीस मानपत्रांतला तेवढाच शब्द शंभर टक्के खरा होता.

रविवारी सकाळी कार्यक्रम झाला. बापूरावांनी तोच इस्त्रीचा सदरा घालून मानपत्र वाचलं आणि काय वाचलं! टाळ्या थांबेनात. डोमाजींना मोरपंखी शाल मिळाली. ते माईकपाशी आले आणि कधी नव्हे ते गहिवरले.

"माह्याबद्दल इतकं चांगलं कोणी बोललं नाई आजपावेतो. मनापासून सांगतो, या मानाचा खरा धनी बापूराव हाये! हे शाल मी त्याच्याच खांद्यावर टाकतो!"

त्यांनी शाल काढली आणि ते बापूरावांकडे निघाले. सभागृह उठून उभं राहिलं. पहिल्या रांगेतल्या सुलोचनाबाईंनी ओठांवर बोट ठेवून नवऱ्याकडे डोळे वटारले. काहीएक करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं! शाल चार पावलांवर आली. दोन पावलांवर आली. तिच्या डांबराच्या गोळ्यांचा वाससुद्धा बापूरावांना आला. आणि त्याच क्षणी बत्तीस वर्षांची सवय उसळून वर आली.

"नको, नको! मी कुठचा लायक!"

"बरं," डोमाजी म्हणाले आणि त्यांनी शाल पुन्हा गुंडाळून घेतली. "थंडीबी हाये तशी."

घरी जाताना सुलोचनाबाई चौकापर्यंत चार पावलं पुढेच ताडताड चालल्या. बापूराव मात्र मान खाली घालून चालत होते, आणि त्यात नम्रता अजिबात नव्हती. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. चौक ओलांडल्यावर बाई म्हणाल्या, "आजपासून ह्या घरात कोणतीबी गोष्ट मी एकदाच इचारीन. सांगून ठेवते."

जेवणं झाली. सुलोचनाबाई पदराला हात पुसत दारात आल्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत बापूराव ओरडले, "हो!"

"बरं झालं," बाई म्हणाल्या. "आज भांडे तुमी घासता का, हेच इचारत होती."

आता नाही म्हणायची सोय नव्हती. बापूरावांनी बाह्या वर केल्या.