चक्की मुकी झाली

पवनचक्कीच्या कुरकुरीपायी लिलाबाईंनी अकोल्याला तीन अर्ज धाडले होते. सत्त्याहत्तर साली सरकारी योजनेतून अनसिंगजवळच्या त्यांच्या वांग्यांच्या मळ्यात ती बसली, विहिरीचं पाणी आपोआप वर येऊ लागलं, मोट सुटली आणि बैल बसून खाऊ लागले. पण वारा सुटला की चक्की असा गळा काढायची की पाखरंसुद्धा मळ्याकडे फिरकत नव्हती.

त्यांचे पती उकंडराव मात्र चक्कीवर खूश होते. मोतीबिंदू झाल्यापासून लिलाबाई त्यांना एकटं गावात सोडत नव्हत्या. चक्की आल्यावर ते रोज पारावर गप्पा मारून संध्याकाळी एकटेच नीट परत येऊ लागले.

"डोये सुधरून राह्यले माह्ये," ते सांगायचे. "चक्कीची हवा लागते ना."

अखेर एका दुपारी धरमसिंग मिस्त्री आला आणि डबाभर ग्रीस चोपडून गेला. चक्की मुकी झाली. उकंडराव तेव्हा पारावर होते. संध्याकाळी ते शेजारच्या मळ्यात, हौसाबाईंच्या ओसरीवर जाऊन बसले.

"भाकर वाढ वं."

हौसाबाईंनी संकोचानं मुकाट्यानं वाढलं.

"आज भाजी जमली तुले," उकंडराव म्हणाले. बायको काहीच कशी बोलत नाही, ही शंका त्यांना दुसऱ्या भाकरीला आली.

हौसाबाईंनी त्यांना हात धरून घरी आणलं आणि लिलाबाईंना बाजूला घेतलं. "चक्कीच्या आवाजावर घर गाठत होते ते. तुले सांगू नको म्हने. तू पुन्हा घरात बसवशीन."

दोन दिवस उकंडराव गुडघा दुखतो म्हणून खाटेवरून हलले नाहीत. तिसऱ्या दिवशी लिलाबाईंनी खुंटीवरच्या बैलांच्या घागरमाळा काढल्या आणि चक्कीच्या वरखाली होणाऱ्या दांड्याला बांधल्या.

"हे काहून?" आवाज ऐकून उकंडरावांनी विचारलं.

"पाखरं वांगे खाऊन राह्यले."

"मंग ठीक हाये. मले काही गरज नाही. मले दिसते."

"दिसते तं जा ना पारावर."

त्या संध्याकाळी उकंडराव थेट आपल्या ओसरीवर आले, हातपाय धुऊन जेवायला बसले आणि पहिल्याच घासाला म्हणाले, "मीठ जास्त झालं."

एरवी एवढ्यावर तासभर भांडण चाललं असतं. आज लिलाबाईंना इतकं बरं वाटलं की त्यांनी नुसतीच आणखी एक भाकर वाढली.

उकंडरावांचा हात थांबला. ते जरा वेळ कान देऊन बसले.

"हौसाबाई?" त्यांनी हळूच विचारलं.

"जेवा गुमान," लिलाबाई कडाडल्या.

उकंडरावांनी निश्चिंत मनानं दुसरी भाकर मोडली.