उस्ताद मापात बसले

"पंधरा मिनिटं! सोळावं मिनिट लागलं तर नाव बदलीन!" असं उस्ताद छातीवर हात ठेवून म्हणाले, तेव्हा दुपारचे सव्वाचार वाजले होते.

उस्ताद हे त्यांचं खरं नाव नव्हतंच, त्यामुळे बदलायला तशी काही अडचण नव्हती. वीस वर्षं त्यांनी एका कारखान्यात फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवल्या. साच्यावर काचेच्या धाग्याचं कापड अंथरायचं, त्यावर चिकट रेझिन चोपडायचं, रोलर फिरवून बुडबुडे काढायचे. त्यांचा हात असा बसला होता की सगळा कारखाना त्यांना उस्ताद म्हणे. मग एके दिवशी त्यांनी राजीनामा दिला आणि घरामागच्या शेडमध्ये स्पोर्ट्स कार बनवायला घेतली! त्यांचे सासरे निवृत्त हेडमास्तर. त्या दिवसापासून "जावई काय करतात?" असं कुणी विचारलं की ते "प्रकृती बरी आहे त्यांची" असं सांगत आणि विषय बदलत.

पण दोन वर्षांत गाडी झाली, आणि काय झाली! लालभडक, दोघांपुरती, जमिनीला पोट टेकवून झेप घ्यायला बसल्यासारखी. इंजिन एका जुन्या गाडीचं. अंग मात्र पुढच्या नाकापासून मागच्या शेपटीपर्यंत उस्तादांच्या हातचं. आज पाच वाजता पहिलं गिऱ्हाईक येणार होतं. दातांचे डॉक्टर होते. पसंत पडली तर तशीच एक बनवून घेणार होते. उरली होती फक्त ड्रायव्हरची सीट.

"सीट विकत आणायची नसते," उस्तादांनी बायकोला समजावलं. "ती माणसाच्या अंगावर बेतायची असते. दोन रसायनं पिशवीत एकत्र ओतायची, पिशवी तोंड बांधून गाडीत ठेवायची आणि वर बसायचं. फेस फुगतो, अंगाचा आकार घेतो आणि दगडासारखा घट्ट होतो. संपलं!"

"पिशवी फार पातळ वाटते हो. दोन घ्या की, एकात एक."

"वीस वर्षं! वीस वर्षं या हातांनी—"

"बरं, बरं. एकच घ्या."

मेहुणा रजा काढून मदतीला आला होता. त्यानं रसायनं ढवळली, पिशवीत ओतली, तोंड बांधलं. उस्तादांनी डोळे मिटले आणि एखाद्या राज्याभिषेकाच्या थाटात बूड टेकलं. त्यांच्या मागच्या खिशात स्क्रूड्रायव्हर होता. तासाभरापूर्वी त्यांनीच तो टोक खाली करून खोचला होता आणि काढायचं विसरले होते.

"भाऊजी, कसं वाटतंय?"

"ऊबदार! अगदी ऊबदार वाटतंय!"

पाच मिनिटांनी ऊब कमरेपर्यंत आली. सातव्या मिनिटाला दोन्ही बाजूंनी पिवळा फेस उतू जाणाऱ्या दुधासारखा वर आला आणि उस्तादांच्या पट्ट्याचं बक्कल दिसेनासं झालं.

"पिशवी फुटली!" मेहुणा ओरडला. "उठा भाऊजी!"

उस्ताद उठले. म्हणजे उठायला गेले. मान उठली, हात उठले. बाकीचे उस्ताद जागेवरच. फेस खाली गाडीला चिकटला होता आणि वर पँटला. सदऱ्याची शेपटीही आत गडप झाली होती. मेहुण्यानं काखेत हात घालून ओढलं, तर मागची चाकं हलली, उस्ताद नाही!

"कापते मी पँट," बायको कात्री घेऊन आली.

"पँट? पाच वाजता डॉक्टर येतायत आणि मी—"

तेवढ्यात शेडच्या दारात हेडमास्तर उभे! जावयाची गाडी एकदा तरी बघून यावी, असं लेकीनं महिनाभर विनवलं होतं. त्यांना नेमका आजच मुहूर्त सापडला.

"या बाबा!" उस्ताद बसल्या बसल्या म्हणाले.

हेडमास्तरांनी वाट पाहिली. वर्गात शिरल्यावर पोरं उभी राहीपर्यंत वाट पाहायची त्यांची जुनी सवय. पण जावई काही उठेना.

"पाय दुखतायत का?"

"नाही बाबा. गाडीच अशी आहे, एकदा बसलं की उठवत नाही!"

"वडीलधारं माणूस आलं तरी?" हेडमास्तरांनी मुलीकडे पाहिलं. "येतो मी."

ते वळले आणि थेट डॉक्टरांवर आदळले. डॉक्टर अर्धा तास आधीच आले होते! बायकोनं कात्री पाठीमागे लपवली.

"अरे वा! तयारच बसलात!" डॉक्टर खूश झाले आणि शेजारच्या सीटवर उडी मारून बसले. "चला, एक चक्कर!"

उस्तादांच्या जिवात जीव आला. चक्कर! चक्कर मारायला कुठे उठावं लागतं? त्यांनी किल्ली फिरवली आणि गाडी अशी सुटली की हेडमास्तरांची टोपी कुंपणापलीकडे गेली. वळणावर गाडी जराही कलंडली नाही. डॉक्टर मात्र कलंडले. उस्ताद तर कलंडूच शकत नव्हते! डॉक्टर लहान मुलासारखे ओरडत होते. दोन वर्षांच्या कष्टांचं सार्थक झाल्यासारखं वाटून उस्तादांचे डोळे भरून आले.

"आता मी चालवतो. उतरा!"

"आणखी एक चक्कर मारू."

दुसरी झाली, तिसरी झाली. चौथ्या चकरेला डॉक्टरांचा आवाज बदलला.

"उस्ताद, तुम्ही माझ्यापासून काहीतरी लपवताय. ब्रेकमध्ये खोट आहे का?"

"छे छे!"

"मग उतरत का नाही?"

उस्तादांनी गाडी वळवली. गाडी मुकाट्यानं शेडमध्ये आली. बायको, मेहुणा, टोपी झटकणारे हेडमास्तर, सगळे वाट बघत होते. ब्रेकची खोट आहे असं म्हणावं, तर दोन वर्षांच्या कामाला बट्टा लागत होता. उस्तादांनी मान खाली घातली.

"गाडी ठणठणीत आहे, डॉक्टर. मी चिकटलोय."

हेडमास्तर जवळ येऊन म्हणाले, "म्हणजे मघाशी तुम्ही उठला नाहीत, ते—"

"उठता येत नव्हतं, बाबा."

हेडमास्तर जे हसायला लागले! लग्नानंतर अकरा वर्षांत जावयानं त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. डोळे पुसत त्यांनी दोरीवरची चादर ओढली, दोन्ही हातांनी पडद्यासारखी धरली आणि लेकीला म्हणाले, "काप!"

शेंगेतून दाणा निघावा तसे उस्ताद निघाले, पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत. हेडमास्तरांनी स्वतःच्या हातानं त्यांना चादर गुंडाळली आणि हळूच म्हणाले, "पळते मात्र झकास हं!"

डॉक्टर इकडे गाडीत वाकून, फेसात रुतलेली पँट दोन्ही हातांनी ओढून बघत होते. ती तसूभरही हलेना. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की उस्ताद चादर सावरत पुढे सरसावले.

"उस्ताद, ऑर्डर पक्की!"

"लालच रंग ठेवू?"

"रंग कुठलाही चालेल. दवाखान्यासाठी दोन खुर्च्या हव्यात. माझे पेशंट ऐन वेळी उठून पळतात हो!"

"आणि... गाडी?"

"गाडी सुरेखच! पण मला रोज उतरावं लागतं ना." डॉक्टरांनी स्टूल पुढे सरकवलं. "या, बसा. खुर्चीची मापं नीट बसून ठरवू."

उस्तादांनी स्टुलाकडे पाहिलं आणि चादर आणखी घट्ट आवळली.

"नको," ते म्हणाले, "मी उभाच बरा आहे."