देणगी हा शब्द सोडून

रसायनशास्त्राच्या मॅडम घसा बसला म्हणून एक दिवस घरी राहिल्या आणि नेमकी त्याच दिवशी कॉलेजात स्टाफ मीटिंग झाली. मीटिंगला जो नसतो त्याच्या गळ्यात काय काय पडतं, हे सरकारी नोकरीत मुरलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा माजी विद्यार्थी संघाच्या सचिव झालेल्या होत्या. घसा अजून बसलेलाच असल्यामुळे त्यांना नाही म्हणता आलं नाही.

पण खरं सांगायचं तर गरज त्यांचीच होती. त्यांच्या प्रयोगशाळेचं छत पूर्वी नुसतं गळायचं, आता ते हप्त्याहप्त्याने खाली येत होतं. गेल्या परीक्षेत निम्म्या वर्गाला क्षारात कॅल्शियम सापडलं होतं, ते छताचं होतं. वरच्या कार्यालयाने स्पष्ट कळवलं होतं, की छताचा निम्मा खर्च माजी विद्यार्थ्यांकडून उभा करा, निम्मा आम्ही देऊ. महिनाअखेरपर्यंत जमलं नाही तर प्रयोगशाळेला कुलूप आणि मॅडमची बदली. मॅडमनी ही प्रयोगशाळा पोटच्या पोरासारखी सांभाळली होती. कुलूप हा शब्द वाचताच त्या लिहायला बसल्या.

त्यांनी एका ओळीचा मेसेज लिहिला: ‘प्रयोगशाळेचे छत पडत आहे, देणगी द्या.’ आणि मंजुरीसाठी प्राचार्यांपुढे ठेवला.

प्राचार्य मूळचे साहित्याचे. त्यांनी मेसेज वाचला आणि कुणीतरी भर वर्गात शिवी दिल्यासारखा चेहरा केला.

“मॅडम, देणगी? इतकं उघडंनागडं?”

“सर, पैसेच हवेत ना आपल्याला?”

“हवेत. पण मागायचे नसतात. सुचवायचे असतात. देणगी हा शब्द दिसला की माणूस पुढचं वाचतच नाही. द्या इकडे, मी बघतो.”

प्राचार्य दार लावून बसले. दुपारचे दोन चहा आत गेले आणि संध्याकाळी मेसेज बाहेर आला: ‘या महाविद्यालयाने आपल्याला काय दिले नाही? येथून आपण जे जे नेले, ते आठवा. त्यातले थोडे तरी परत करण्याची घडी आता आली आहे. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सभागृहात अवश्य यावे. मनात संकोच नको. इच्छा असल्यास नाव गुप्त ठेवले जाईल.’ खाली मॅडमचा नंबर.

“सर, यात छतही नाही आणि पैसेही नाहीत.”

“सुज्ञांना कळतं,” प्राचार्य म्हणाले आणि मेसेज सगळ्या माजी विद्यार्थ्यांना गेला.

पहिला सुज्ञ दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर आला. मॅडम कणीक मळत होत्या, म्हणून नवऱ्याने फोन त्यांच्या कानाला लावून धरला.

“नाव खरंच गुप्त राहील ना?” पलीकडचा आवाज थरथरत होता.

“राहील की! किती देताय?”

“दोन.”

“दोन हजार?”

“दोन ब्युरेट. आणि एक स्टँड. मॅडम, शेवटच्या वर्षी प्रयोगशाळेतून पिशवीत घालून नेली होती हो. तुमचा मेसेज वाचला आणि रात्रभर डोळ्याला डोळा नाही.”

मॅडमचे हात कणकेतच थांबले. एखादा असतो असा, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. पण दुपारपर्यंत असे अकरा झाले. वसतिगृहाची बादली, परीक्षेची घंटा, जिमखान्याचा कॅरमचा स्ट्रायकर, वाचनालयातल्या शब्दकोशाचा ‘क’ ते ‘प’ एवढा भाग. एका बाईंनी विचारलं, “मी तुमच्या बागेतून गुलाबाची फांदी नेली होती, आता तिचं कुंपण झालंय. सगळं उपटून आणू का?” एकजण म्हणाला, “मी तुमच्या कॉलेजातून बायको नेली. ती परत घ्याल?” मागून फोन ओढल्याचा आवाज आला आणि बाई म्हणाल्या, “मॅडम, त्याचं काही ऐकू नका. नेलं होतं मी त्याला. शनिवारी आणून सोडते.”

मॅडम तशाच उठून प्राचार्यांकडे गेल्या.

“सर, अनर्थ झाला. लोकांनी कॉलेजातून जे ढापलं होतं ते परत करायला काढलंय. ताबडतोब दुसरा मेसेज टाका. सरळ लिहा, पैसे द्या.”

“आता?” प्राचार्य दचकले. “आता पैसे मागितले तर त्यांना वाटेल आपण दंड मागतोय!”

हे मात्र बरोबर होतं. मॅडमनी कपाळाला हात लावला.

त्यानंतर सामानाची रीघ लागली. कॉलेज सुटल्यावर आलेलं सामान थेट मॅडमच्या घरी यायला लागलं. एका संध्याकाळी सासूबाईंनी दार उघडलं, तर समोर एक सुटाबुटातला गृहस्थ हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन उभा.

“मी दंतवैद्य आहे,” तो खाली मान घालून म्हणाला. “हा जबडा.”

“माझी कवळी नीट बसते,” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

तो प्राणिशास्त्र विभागातल्या सांगाड्याचा खालचा जबडा होता. गृहस्थाने विद्यार्थिदशेत तो अभ्यासाला म्हणून नेला होता. तेव्हापासून त्या विभागातली मुलं खालचा जबडा अंदाजानेच काढत होती.

दुसऱ्या दिवशी मॅडम सगळं गोळा करून कॉलेजच्या स्टोअरकीपरकडे गेल्या. स्टोअरकीपरने चष्म्यावरून ढिगाकडे पाहिलं आणि हात मागे घेतले.

“या वस्तू मला घेता येणार नाहीत.”

“का बरं?”

“कारण त्या नाहीत.”

“अहो, समोर दिसताहेत ना!”

“दिसतात. पण नाहीत. मागेच नष्ट झाल्यात. बादली विरघळली. घंटा उंदरांनी खाल्ली.”

“पितळेची घंटा?”

“मॅडम, रजिस्टरात माझ्या आधीच्या माणसाचा तसा शेरा आहे. मी काय उंदरांना विचारायला जाऊ? नष्ट झालेली वस्तू जमा केली तर चौकशी माझी लागेल. घेऊन जा.”

तेव्हा सगळं सामान सभागृहात गेलं.

शनिवार उजाडला. बँकेतल्या खात्यावर एकच रक्कम होती, आणि ती मॅडमच्या नवऱ्याने लाजेकाजेस्तव भरलेली होती. सोमवारी वरच्या कार्यालयाला आकडा कळवायचा होता. मॅडम सभागृहात आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि समोर सभागृह खचाखच भरलेलं होतं. इतके माजी विद्यार्थी या कॉलेजात कधीच जमले नव्हते. शिकत असतानाही नाही.

एका बांधकाम ठेकेदाराने टेम्पोतून अख्खा बाक आणला होता. निवृत्त फौजदार घंटेजवळ उभे राहून सांगत होते, “तोंडी परीक्षेच्या दिवशी काढून नेली. घंटाच वाजली नाही तर परीक्षा सुरू कशी होणार, असा माझा हिशोब होता.” पुढच्या पोलीस नोकरीचा पाया तिथेच घातला गेला म्हणायचा. एक रागीट गृहस्थ आपली पदवी फ्रेमसकट घेऊन आले होते. “मी एवढंच नेलं होतं,” ते म्हणाले. “काही उपयोग झाला नाही. पोच द्या.”

प्राचार्य बोलायला उभे राहिले. “मित्रहो, आपण आलात. आपण आणलंत. परंतु याहूनही एक सूक्ष्म अपेक्षा...” आणि तिथेच त्यांची गाडी अडली. सूक्ष्म अपेक्षा काही त्यांच्या तोंडातून बाहेर पडेना.

एवढ्यात मागे भांडण जुंपलं.

“ऊठ. हा बाक माझा आहे,” दंतवैद्य ठेकेदाराला म्हणत होते. “हे बघ, कर्कटकाने कोरलेलं बदाम माझं आहे.”

“बदाम तुझं असेल, बाक मी नेलाय! माझ्या अंगणात होता इतकी वर्षं. आज सकाळी टेम्पोत चढवताना आमची ही रडली.”

“मग आणलास कशाला?”

“मेसेज आला म्हणून! मी काय चोर आहे?”

“मी घरी नेतो. पाच हजार देतो कॉलेजला.”

“पाच? मी दहा देतो आणि माझा बाक माझ्या अंगणात नेतो!”

प्राचार्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. मॅडमनी मात्र डोळे पुसले, पदर खोचला आणि टेबलावरचा हातोडा उचलला. तोही कुणीतरी परत केलेलाच होता.

“दहा हजार एक वार!” त्या कडाडल्या. महिनाभर घोगराच राहिलेला घसा कधी सुटला हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

“मॅडम!” प्राचार्य धावत आले. “सरकारी मालमत्तेचा लिलाव? परवानगी लागते त्याला!”

मॅडमनी स्टोअरकीपरकडे पाहिलं. स्टोअरकीपर उभा राहिला, चष्मा पुसला आणि नोकरीतलं एकमेव भाषण त्याने केलं.

“सर, कसली मालमत्ता? या वस्तू अस्तित्वातच नाहीत.”

मग जे सुरू झालं ते काय सांगावं! बाक पंचवीस हजारांना ठेकेदाराकडेच गेला, तोही बदाम दंतवैद्यांनी दर रविवारी येऊन बघायचं या अटीवर. फौजदारांनी घंटा सोडली नाही. बोली लागली की ते ती बडवायचे, म्हणजे समोरच्याचा आकडा ऐकूच यायचा नाही. शब्दकोशाच्या ‘क’ ते ‘प’साठी दोन वकील हमरीतुमरीवर आले. फोनवाल्या बाईंनी नवऱ्याला खरंच उभं केलं. बोली कुणीच लावेना, तेव्हा त्यांनी स्वतःच पाचशे रुपये भरले आणि त्याला घेऊन गेल्या. पदवीवाल्या गृहस्थांनाही शेवटी राहवलं नाही. दुसऱ्या कुणीतरी आपल्या पदवीवर बोली लावतंय म्हटल्यावर त्यांनी तिप्पट मोजले आणि फ्रेम छातीशी धरून बसले. फक्त जबडा विकला नाही. तो सांगाड्याला बसवला, आणि सांगाडा तेव्हापासून हसतो.

सोमवारी वरच्या कार्यालयाला आकडा गेला, तेव्हा त्यांनी दोनदा फोन करून शून्यं मोजून घेतली. निम्मा खर्च जमून वर रंगाचे पैसेही निघाले. चार महिन्यांत छत झालं. ज्या दिवशी नव्या छताखाली पहिलं प्रात्यक्षिक होतं, त्या दिवशी मॅडम वर बघतच वर्गात आल्या आणि कुणाच्याही परीक्षानळीत काहीही पडलं नाही.

तास संपत आला तेव्हा स्टोअरकीपर त्यांच्या कानाशी लागला. “मॅडम, शेवटच्या टेबलावरची ती मुलगी बघा. थर्मामीटर बॅगेत घालतेय. धरू?”

मॅडमनी पाहिलं. मुलगी हुशार होती, धीट होती, पुढे नक्की नाव काढणार होती.

“श्श!” त्या म्हणाल्या आणि बॅगेची चेन नीट लागेपर्यंत फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. “जाऊ द्या तिला. चांगली देणगीदार होईल.”