पोतनीसबाईंची चिंबोरी

"हा खेकडा घाबरल्यासारखा दिसतो का हो?"

सकाळी दुकानाचं शटर जेमतेम अर्धं वर गेलं होतं, तेव्हा पोतनीसबाईंनी मला हा प्रश्न विचारला. तोवर आमची ओळख एवढीच, की सुकापूरला त्या माझ्या वरच्या मजल्यावर राहायच्या. लिफ्ट अडकेल म्हणून जिना चढायच्या आणि जिन्यात पाय घसरेल म्हणून भिंत धरून चढायच्या. पनवेलच्या एसटी स्टँडजवळ माझं पत्रिका आणि बॅनर छापायचं दुकान. मी कागद हातात घेतला. खेकड्याने दोन नांग्यांत दोन हॉकी स्टिका धरल्या होत्या, आणि कुणीतरी मागे लागल्यासारखा चेहरा केला होता.

"थोडासा," मी म्हणालो.

"वाटलंच मला." कागद घेऊन त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी नवा खेकडा घेऊन हजर.

खेकडा हे 'वादळ महिला हॉकी संघा'चं बोधचिन्ह. हा संघ कधीच बंद पडला होता. मैदानावर इमारती आल्या, पोरींची लग्नं झाली, संपलं. बाई त्या संघाच्या गोलकीपर. नंतर त्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. आणि आता साठी उलटल्यावर त्यांनी नसलेल्या संघाचं बोधचिन्ह आणि गणवेश नव्याने करायला घेतला होता.

त्या दिवसांत सगळं पनवेल वाढदिवसाच्या बॅनरांखाली झाकलेलं असे. मी संगणकावर कुठल्यातरी भाऊंच्या गळ्यातली साखळी जाड करत असायचो आणि शेजारी बाई उभ्या.

"विनायकराव, भाऊंचं झालं की माझा टी-शर्ट घ्या. रंग बदलायचाय."

मूळचा निळा त्यांनी आधीच बाद केला होता. संध्याकाळी निळा माणूस रस्त्यावर दिसत नाही, ट्रकवाला उडवून जातो. मग भगवा झाला. भगवा पाहून बैल उधळला तर? मग पोपटी, त्यावर चकाकणाऱ्या पट्ट्या. स्कर्ट जाऊन सलवार आली, सलवारीला गुडघ्यापाशी कापूस भरलेली जाड पट्टी आली. पाठीवरचा नंबर काढून तिथे रक्तगट टाकायला सांगितला.

"बाई, पण हे घालून खेळणार कोण?"

"खेळायचं कुठे म्हणतेय मी? वाईट विचार आधीच करून ठेवावा, विनायकराव. मग तो घडायचा राहतो."

तयार झालेलं चित्र मी त्यांच्या मोबाइलवर पाठवायचो आणि त्या ते ग्रुपवर टाकायच्या. तसले ग्रुप तेव्हा नुकतेच आले होते. शोधून शोधून बाईंनी जुन्या संघातल्या सातजणी जमवल्या होत्या. कुणी नाशिकला, कुणी बडोद्याला, आणि सेंटर फॉरवर्ड हिरा जवळच, उरणच्या कोळीवाड्यात. चित्र गेलं की बाई माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून उत्तरांची वाट पाहत. उत्तरं यायची आणि सगळी नावं ठेवणारी. एकीला रंग भडक वाटे, दुसरीला खेकडा सुजलेला. हिराबाई लिहीत नसत, बोलून पाठवत. "नलू, ही चिंबोरी हाय का भिंतीवरचा कोळी? मी कोळीन हाय, मला नको शिकवू." बाई वैतागत आणि पुन्हा पेन्सिल उचलत. मला त्या बायकांचा राग यायचा. जरा बरं म्हणायला काय जातं?

उन्हाळ्यातल्या एका सकाळी बाई आल्या तेव्हा हातात कागद नव्हता.

"हिराला एकच टिक दिसतेय. परवापासून."

निरोप निघाला की एक खूण उमटते, पोचला की दोन. सगळ्यांच्या दोन होत्या. फोन लावला तर बंद.

"चार्जिंग संपलं असेल," मी म्हणालो.

"दोन दिवस?" त्या स्टुलावर बसल्या नाहीत. "मला उरणला न्याल?"

मी चकित झालो. कंटेनरच्या भीतीने बाईंनी कित्येक वर्षांत उरणकडे जाणाऱ्या न्हावा शेवा बंदराच्या रस्त्यावर पाऊल ठेवलं नव्हतं. शटर ओढलं आणि माझी जुनी व्हॅन काढली.

त्या रस्त्याला पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, मध्ये आमचा डबा. बाई दाराची कडी दोन्ही हातांनी धरून होत्या. "हा ब्रेक मारणार," त्या पुटपुटायच्या आणि तो खरोखर मारायचा. "त्याचा कंटेनर हलतोय." बघतो तर हलत होता. इतकी वर्षं मी या रस्त्याने शीळ घालत जात होतो. त्या दिवशी माझे तळवे घामाने निसटायला लागले. अर्ध्या वाटेवर बाई गप्प झाल्या. ते अधिक वाईट होतं. मोठ्याने बोललेली भीती निदान दिसते तरी.

कोळीवाड्यात हिराबाईंच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी केली. गल्लीच्या टोकाला त्यांचं घर. दाराबाहेर चपलांचा ढीग पडला होता. दोन बायका पदराने डोळे पुसत बाहेर आल्या, तिसरी भिंतीला टेकून नाक पुसत होती.

मला बाईंकडे बघायचा धीर होईना.

"तुम्ही जा पुढे," त्या अगदी हळू म्हणाल्या. "आणि लगेच येऊन सांगू नका मला. जरा वेळाने या."

ती गल्ली मला संपता संपेना. काय बोलावं, कुणाशी बोलावं, परत येऊन गाडीची काच कशी ठोठावावी. दारापाशी पोचलो आणि घशात असा ठसका बसला की मी खाली वाकलो. आत मोठ्या कढईत मिरच्या भाजत होत्या. वर्षाचा मसाला. अख्खी आळी मदतीला जमली होती आणि अख्खी आळी रडत होती. मधोमध एक दणकट बाई झारा घेऊन बसलेली.

"हिराबाई?" मी खोकत विचारलं.

"मीच. तुमी कोण?"

मी नुसतं गाडीकडे बोट दाखवलं.

फोन मासळीच्या टोपलीतल्या बर्फाच्या पाण्यात पडला होता आणि वाळावा म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवला होता. हे ऐकल्यावर पोतनीसबाई त्यांना अशा रागावल्या, की मिरच्या भाजणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. "शेजाऱ्याच्या फोनवरून कळवता येत नाही? अक्कल गहाण ठेवलीस?" मग त्यांचा आवाज फाटला, आणि त्या तोंड धुवायला मागच्या मोरीवर गेल्या.

हिराबाईंनी मला बाहेर ओट्यावर बसवलं, पाणी दिलं.

"रागावू नका तिला. आमची शकू व्हती, हिची खास. ती वारली ते नलूला वरसभरानं कललं. कुनाकडं कुनाचा नंबरच नाय. तवापासून ही चिंबोरी चालू झाली. चित्र पाठवते म्हंजे कोन कोन हाय ते बघते."

"मग तुम्ही सगळ्या नावं का ठेवता हो? किती मेहनत घेतात त्या."

"मुद्दाम ठेवतो. आमचं ठरलंय तसं. चांगली झाली बोललो तर काम संपलं ना तिचं. मग ती रोज कुनाला कशाला विचारेल? एकटी बाई, घरात बसून भीत राहील." त्या उठल्या. "तुमी नका सांगू."

बाई मोरीवरून आल्या त्या पदर खोचूनच, आणि सरळ कढईपाशी बसल्या. तेल उडेल, डोळ्यांत जाईल, काहीही म्हणाल्या नाहीत. हिराबाईंनी रात्री राहायचा आग्रह केला आणि त्या हो म्हणाल्या.

मी एकटाच परत निघालो. दुकान उघडलं, तर एक गिऱ्हाईक बॅनरसाठी ताटकळलेलं. त्या गडबडीत असताना अनोळखी नंबरवरून फोन आला.

"शेजारणीचा फोन घेतलाय, माझं चार्जिंग संपलं. पोचलात का, विनायकराव?" बाईंचा आवाज.

घरात मी एकटाच. मला असं कुणी विचारून बरीच वर्षं झाली होती.

"पोचलो," मी म्हणालो. "आत्ताच."

"बरं," बाई म्हणाल्या. फोन ठेवायचं त्यांच्या लक्षात राहिलं नसावं. पलीकडे बायका खोकत होत्या, हसत होत्या. समोर गिऱ्हाईक खोळंबलं होतं तरी मी बराच वेळ फोन कानाला लावून ऐकत उभा राहिलो.