कारखानीस काकांचं दार

कारखानीस काका फोटोत कधीही समोर बघत नाहीत. खांदे समोर, छाती समोर, पण मान काटकोनात वळवलेली आणि दोन्ही पावलं एकाच दिशेला. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीचा ग्रुप फोटो बघा. सगळे दात काढून कॅमेऱ्याकडे बघतायत आणि मागच्या रांगेत टोकाला काका, नाण्यावरच्या राजासारखे, फायर एक्झिटकडे.

लायसन्सच्या फोटोला तर कमाल झाली. काउंटरवरच्या बाईंनी "लुक हिअर प्लीज" म्हणून बोट दाखवलं, तर काका शांतपणे म्हणाले, "मॅडम, समोरून नाकाचा अंदाज येत नाही." मागे ही मोठी रांग. मी सोबत होतो आणि मलाच घाम फुटला, कारण सरकारी काउंटर दिसला की मला माझा व्हिसा आठवतो. शेवटी काका समोर बघायला तयार झाले. पण अजूनही कुणी लायसन्स मागितलं की ते पुढे करतात आणि म्हणतात, "हा मी नव्हे."

ह्या सगळ्याच्या मुळाशी इजिप्त आहे. तिथले जुने चित्रकार माणूस काढताना डोळा समोरून काढायचे, नाक बाजूनं, खांदे समोरून, पाय बाजूनं. जो अवयव जिकडून नीट कळतो तो तिकडून. का, तर मेल्यानंतर जीव परत आला की त्याला स्वतःचं चित्र पटकन सापडावं. "सुंदर दिसून काय करायचंय रे?" काका म्हणतात. "ओळखू आला पाहिजे." हे वाक्य ते माणसांबद्दल वापरतात, गटाराच्या पाइपांबद्दल वापरतात आणि मी केलेल्या भाजीबद्दलही वापरतात.

पाइपांबद्दल अशासाठी, की काका ड्रेनेजचे इंजिनिअर. मूळचे पुण्याचे, ऑफिस इथे ऑकलंडमध्येच, माउंट वेलिंग्टनला. त्यांच्या त्याच ऑफिसच्या पॅसेजला मी रंग देत होतो. आमच्या बॉसची छोटी कंपनी आहे, मी तिच्यात रंगारी. शाळा नववीतच सुटलेली, इंग्लिश म्हणाल तर यस, नो आणि सॉरी. त्या दिवशी शिडीवरून ब्रश निसटून डब्यात पडला आणि माझ्या तोंडून जे निघालं, ते ऐकून खालून आवाज आला, "कुठला रे तू? कराडकडचा ना?"

मला वाटलं, गेली नोकरी. पण काकांनी जेवणाच्या सुट्टीत मला डब्यातली अर्धी पोळी-भाजी दिली, कुठे राहतोस विचारलं, आणि त्याच रविवारी मी माझी बॅग घेऊन माउंट रॉस्किलला त्यांच्या भाड्याच्या घरात राहायला गेलो. त्यांची खोली पुढे, माझी मागे, मधे इजिप्त.

घरात पुस्तकं तर होतीच. पण काका पुस्तकात थांबणारे नव्हेत. रविवारी ते मला घेऊन विकाऊ घरं बघायला जायचे. घ्यायचं काही नाही, नुसतं बघायचं. दारातच एजंटला विचारायचे, "व्हिच साइड इज वेस्ट?" एजंट खूश व्हायचा. "ओह, हीप्स ऑफ आफ्टरनून सन!" म्हणत मागचं डेक, म्हणजे लाकडी ओटा, दाखवायचा. काका ते डेक बघून हळहळायचे आणि मला मराठीत सांगायचे, "मृतांच्या बाजूला डेक काढलंय."

इजिप्तमध्ये जिवंत माणसं नदीच्या पूर्वेला राहायची आणि थडगी पश्चिमेला. सूर्य मावळतो ती मेलेल्यांची बाजू. त्या हिशेबानं काकांनी अख्खं ऑकलंड वाटून टाकलं होतं. अवोन्डेल आमच्या पश्चिमेला. तिथं रविवारच्या बाजारात भाजी आणायला जायचं, राहायचं नाव काढायचं नाही.

थडग्यांच्या बांधकामाबद्दल तर ते साइटवर जाऊन आल्यासारखे बोलायचे. राजांच्या थडग्यात शिरताना वाटेत एक खोल खड्डा असायचा. पुराचं पाणी आत जाऊ नये म्हणून, असं काकांचं ठाम मत. "आणि चोर पडले तर बोनस." पावसात आमच्या रस्त्यावर पाणी साचलं, की ते खिडकीत उभे राहून म्हणायचे, "फेरोला कळत होतं ते ह्यांना कळत नाही." हे ज्यांना कळत नव्हतं त्यांच्यात काका स्वतःही होते, कारण तो रस्ता त्यांच्याच ऑफिसनं केला होता.

आणि हजेरी. राजाबरोबर थडग्यात छोट्या छोट्या बाहुल्या ठेवायचे. पुढच्या जगात राजाला कुणी शेतीच्या कामाला बोलावलं, तर बाहुलीनं उठून "हजर" म्हणायचं आणि राजाच्या ऐवजी जायचं. काकांना ही व्यवस्था फार आवडायची. बागेतून हाक यायची, "संपत!" मी "हजर" म्हणेपर्यंत यायची. मग मी गवत कापायचो. शाळा सुटल्यापासून मला कुणी हजर म्हणायला लावलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, बरं वाटायचं.

एकदा मी रडकुंडीला आलो होतो. व्हिसाच्या कामासाठी इंग्लिशची परीक्षा द्यायची होती आणि माझ्या डोक्यात काही शिरत नव्हतं. मी म्हटलं, "काका, मला मेंदूच नाही."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "ममी करताना मेंदूचं काय करायचे माहितेय? नाकातून आकडा घालून ओढून काढायचे. फेकून द्यायचे. बरणीत भरून ठेवण्याच्यासुद्धा लायकीचा नाही. काळीज तेवढं आत ठेवायचे. पुढे गेल्यावर तराजूत तेच घालतात, दुसऱ्या पारड्यात पीस. तिथं इंग्लिशचा पेपर नसतो."

"पण इथं असतो ना, काका."

"इथं असतो," काका म्हणाले आणि त्या दिवसापासून रोज मला शिकवायला बसले. मी पास झालो. निबंधाचा विषय 'अ प्लेस आय नो वेल' होता. मी थडग्यावर लिहिलं.

तर दार.

एका शनिवारी काका मला गॅरेजमध्ये घेऊन गेले आणि म्हणाले, "ह्या भिंतीवर दार काढायचं."

"काढायचं म्हणजे, फोडायची भिंत?"

"रंगवायचं. खोटं दार. प्रत्येक थडग्यात असतं. चौकटीच्या आत चौकट, तिच्या आत चौकट."

"कडी-कोयंडा कुठल्या बाजूला?"

"नाही."

"मग उघडणार कसं?"

"आपल्याला उघडत नाही ते," काका म्हणाले. "पलीकडच्यांसाठी असतं. ते येतात, समोर ठेवलेलं खातात, जातात."

मी मास्किंग टेप लावून रेघा मारल्या. रंग कामावरचे उरलेले आणले. कुणाच्या तरी बाथरूमचा पिवळा, कुणाच्या कुंपणाचा तांबडा. चौकटी झकास उतरल्या. मग काका म्हणाले, शेजारी खुर्चीवर बसलेली राणी पाहिजे. ती काढताना मात्र त्यांनी माझा जीव खाल्ला. नाक सरळ काढलं तर "थोडं बसकं." बसकं केलं तर "एवढं नव्हे." पुसून पुसून भिंतीचा पापुद्रा निघायला आला. शेवटी नाक जमलं, तर म्हणाले, "आता चष्मा."

"इजिप्तमध्ये चष्मे होते?"

"हिला लागायचा."

मी चष्मा काढला. राण्यांच्या हातात जीवनाची किल्ली असते, वर कडं असलेली. ती मी पुस्तकात बघून आधीच काढून ठेवली होती. काकांनी ती पुसायला लावली आणि तिथं बसचं कार्ड काढायला लावलं.

"रविवारी बाजारात बसनं जायची," काका भिंतीकडे बघत म्हणाले. "मी नेतो म्हटलं तरी नाही. बसमध्ये थांबायची बेल दाबायला लाजायची. एवढी मोठी बस आपल्या एकटीसाठी थांबवायची कशी, म्हणायची. दुसरं कुणी दाबेल तेव्हा उतरायची. म्हणजे नेहमी एक स्टॉप पुढे. तिथून पिशवी घेऊन चालत मागे."

नलूकाकू मी यायच्या आधीच गेल्या, एवढं मला मंडळातून कळलं होतं. काका त्यांचं नाव घेत नसत, म्हणून मीही कधी विचारलं नाही. त्या दिवशीही विचारलं नाही. बसच्या कार्डाचा निळा बरोबर आला का, एवढंच विचारलं.

तेव्हापासून दर रविवारी बाजारातून आलं की त्या दारासमोर एक ताटली जायची. कधी पेरू, कधी नुसती काकडीची कोशिंबीर. संध्याकाळी ती आम्ही खायचो. काका म्हणायचे, "तिचं झालं."

मग मालकानं घर विकायला काढलं. प्रॉपर्टी मॅनेजर ट्रेसी घर बघायला आली. चांगली बाई, दारातूनच "किया ओरा" असा इथला माओरी नमस्कार घालत आत यायची. गॅरेजमध्ये ती बराच वेळ उभी राहिली. "व्हाय इज शी वेअरिंग ग्लासेस?" तिनं मला हळूच विचारलं. मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, चित्र सुंदर आहे, पण घर रिकामं करताना भिंत पांढरी पाहिजे.

ती गेल्यावर काका म्हणाले, "संपत, पांढऱ्याचे दोन हात मार."

मी हजर म्हटलं नाही. "काका, दुसऱ्या घरात पुन्हा काढू की. मी काढतो."

"तिला हे माहीत झालंय," काका म्हणाले. मग गॅरेजमधल्या उलट्या बादलीवर बसले आणि ऑफिसातला रिपोर्ट वाचावा तसं सांगायला लागले. "दहाव्याला आम्ही समुद्रावर गेलो. पिंड ठेवला. इथं कावळा कुठला यायला? सीगल आले. गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिवू. मी म्हटलं, थांबा. मी मनात तिला काय काय सांगायला लागलो होतो. तुझ्या बहिणीकडे लक्ष देईन, गोळ्या वेळेवर घेईन. तुझं काय राहिलंय ते सांग. तेवढ्यात एक सीगल पिंड घेऊन उडाला. माझं बोलून व्हायच्या आत."

"मग शिवला की, काका."

"सीगलचं काय धरायचं, संपत? तो चिप्सपण खातो."

मी दुसरी बादली ओढून त्यांच्याजवळ बसलो.

"इजिप्तमध्ये मधे कावळा लागत नाही," काका म्हणाले. "जीवच पक्षी होऊन येतो. अंग पक्ष्याचं, चेहरा ज्याचा त्याचा. ओळखू येतो. फक्त दार पाहिजे." आणि उठून त्यांनी पांढऱ्याचा डबा माझ्यासमोर आणून ठेवला.

आता इथल्या घरांचं एक आहे. आतल्या भिंती विटांच्या नसतात. लाकडी सांगाड्यावर पुठ्ठ्यासारखे प्लास्टरचे बोर्ड ठोकतात, त्याला जिब म्हणतात. मी रोज तेच भरतो, घासतो, रंगवतो. इतके दिवस काही सुचलं नव्हतं, ते त्या डब्याकडे बघताना सुचलं. मी म्हटलं, "काका, भिंतच घेऊन जाऊ."

भीती वाटत नव्हती असं नाही. भाड्याच्या घराची भिंत कापायची म्हणजे मला हातकडी दिसायला लागली. पण स्क्रू काढले, कडा सुरीनं सोडवल्या आणि आम्ही दोघांनी दार, राणी, चष्मा आणि बसचं कार्ड असा अख्खा बोर्ड अलगद उतरवला. त्या जागी नवा बोर्ड ठोकला, सांधे भरले, घासले, पांढऱ्याचे दोन हात मारले. ट्रेसी आली, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "स्वीट ॲज." म्हणजे इथल्या भाषेत, झकास.

काकांनी नवं घर घेतलं अवोन्डेलला, बाजाराच्या जवळ. मी म्हटलं, "काका, पश्चिम ना ती?"

"म्हणून तर," काका म्हणाले.

बॉसचा ट्रक मागून आणला. बोर्ड गोधड्यांत गुंडाळून मागे उभा बांधला. काकांनी राणीच्या चेहऱ्यावरची गोधडी तेवढी खाली करायला लावली. मी जवळचा रस्ता धरणार, तर म्हणाले, "बसच्या रस्त्यानं घे. तिला तोच माहितेय. आणि हळू."

म्हणून हळू. मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या, मी आरशात सॉरी म्हणत होतो. काकांनी काच खाली केली आणि बाहेर बघून बोलायला लागले. "डेअरी गेली. आता सिग्नल. आता डावीकडे वळतोय, नलू. ही शाळा." आवाज अगदी रोजचा, कुणाला पत्ता सांगावा तसा. एका सिग्नलला मी सहज त्यांच्याकडे पाहिलं. पट्ट्यानं आवळलेले खांदे समोर, छाती समोर आणि मान काटकोनात मागे वळवलेली. पहिल्यांदाच ते त्या पोझमध्ये विचित्र दिसत नव्हते.

बाजाराचा स्टॉप दिसायला लागला. नवं घर तिथंच, स्टॉपच्या पलीकडच्या गल्लीत. मी इंडिकेटर दिला.

"अरे, अरे, थांब," काका म्हणाले. "इथं नको वळू. एक स्टॉप पुढे जा, मग मागे ये."

मी इंडिकेटर बंद केला आणि सरळ गेलो.